वचन संदर्भात वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं? यिर्मया २९:११ वरून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

सलाम. साताऱ्याच्या एका तरुण भावाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. वर्षाखेरच्या उपासनेत वचनाचं कार्ड उचललं त्यात यिर्मया २९:११ आलं, ते "संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत" वालं. ते धरून वर्षभर राज्यसेवेचा अभ्यास केला, पण पूर्व परीक्षाच निघाली नाही. घरसभेत एक काका म्हणाले तुझा विश्वास कमी पडला. दुसरे म्हणाले ते वचन तुझ्यासाठी नव्हतंच, ते बाबेलातल्या यहुद्यांना होतं, संदर्भ बघ. आता हा विचारतोय की खरं कोण बोललं, संदर्भ बघ म्हणतात म्हणजे बघायचं तरी काय, आणि काकांशी बोलायचं काय.

मी सांगली-मिरज भागात बरीच वर्षं शास्त्राभ्यासाचे वर्ग घेतोय आणि हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात दरवर्षी येतोच, त्यामुळं जरा लांब लिहितोय, सावकाश वाचा.

पहिल्यांदा काकांचं बघू. २९वा अध्याय पूर्ण वाचला तर त्यात "विश्वास वाढवा म्हणजे लवकर सुटाल" असं कुठंच लिहिलेलं नाही. उलट लवकर सुटाल असं सांगणारा माणूस आधीच्या २८व्या अध्यायात आहे, त्याचं नाव हनन्या. झालं होतं असं की इ.स.पू. ५९७ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्यानं यरुशलेमेतून राजाला, राजमातेला, सरदारांना, कारागिरांना, लोहारांना धरून बाबेलला नेलं. मागं राहिलेल्यांना आणि गेलेल्यांना एकच घोर, परत कधी. हनन्या मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, दोन वर्षांत सगळं परत येईल. संदेष्टा यिर्मयाची पहिली प्रतिक्रिया काय होती माहितीये? तो म्हणाला आमेन, परमेश्वर तसंच करो. म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. पण देवाकडून आलेला निरोप वेगळा होता आणि त्यानं तो निरोप पत्रात लिहून बाबेलला पाठवला, तेच पत्र म्हणजे २९वा अध्याय.

आता ते पत्र सुरू कसं होतं बघा. घरं बांधा आणि राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलामुलींचीही लग्नं करून द्या, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या शांतीसाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. नगर कुणाचं तर ज्यांनी आपलं घरदार उद्ध्वस्त केलं त्यांचं! आणि मग दहावं वचन, बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडं लक्ष देईन. ह्या दहाव्याला लागूनच अकरावं आहे. पारसाचा राजा कोरेश ह्यानं बाबेल घेतलं ते इ.स.पू. ५३९ ला, म्हणजे जो माणूस तिशीत धरून नेला गेला आणि ज्यानं हे पत्र कानानं ऐकलं तो बहुतेक बाबेलातच मातीआड झाला असणार. लिहिणारा यिर्मया पण ते दिवस बघायला राहिला नाही, त्याला पुढं लोकांनी ओढून मिसरात नेलं.

अजून एक, जे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं कारण अध्यायाच्या शेवटापर्यंत कुणी जातच नाही. हे पत्र पोचल्यावर बाबेलातला शमाया नावाचा एक माणूस भडकला. त्यानं यरुशलेमेतल्या याजकाला उलट पत्र धाडलं की ह्या यिर्मयाला खोड्यात का घालत नाही, हा आम्हाला लिहून कळवतोय की अजून लांबणार आहे, घरं बांधा. म्हणजे आपण जे वचन फ्रेम करून हॉलमध्ये लावतो ते ज्या पत्रात आहे ते पत्र पहिल्यांदा ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाईट बातमी वाटलं होतं. ही गोष्ट मनात ठेवून अकरावं वचन परत एकदा वाचा, त्याचा आवाजच बदलतो. लांब, कंटाळवाण्या, निकाल न लागणाऱ्या वर्षांमध्ये देव आपल्याला विसरलेला नाही असं सांगणारं ते वचन आहे. परीक्षा निघाली नाही म्हणून हे वचन खोटं पडलं असं होत नाही आणि तुमचा विश्वास तोकडा होता असं तर अजिबात होत नाही, कारण परीक्षेच्या निकालाचं आश्वासन त्यात कधी नव्हतंच.

मग दुसरे म्हणाले ते बरोबर का? अर्धं बरोबर. वचन पहिल्यांदा कुणाला दिलं हे त्यांनी विचारलं ते चांगलंच केलं, पण तिथंच थांबले. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात १५:४ मध्ये सांगतो की पूर्वी लिहिलेलं सगळं आपल्या शिक्षणासाठी लिहिलं, आपल्याला धीर आणि आशा मिळावी म्हणून. आणि पेत्र तर आपल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती लोकांना परदेशात राहणारे प्रवासी असंच म्हणतो, म्हणजे बाबेलातल्या लोकांशी आपलं नातं तो स्वतः जोडून देतो. फक्त तुमच्यापर्यंत ते येतं ते त्या लोकांच्या हातातून, त्यांना वगळून थेट कार्डावरून नाही. मग तुम्हाला जे मिळतं त्यात अकराव्या वचनाबरोबर पाचवं, सहावं, सातवं पण येतं. आहात तिथं नीट राहा, काम करा, लग्न लांबणीवर टाकू नका, साताऱ्याच्या भल्यासाठी झटा, आणि बारावं-तेरावं, मला हाक मारा, मनापासून शोधा. माझ्या मते हे कार्डावरच्या एका ओळीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता काय बघायचं, ते.

सातबारा हातात आल्यावर आपण फक्त नाव बघून जमिनीचा व्यवहार करत नाही, इतर हक्काचा रकाना बघतो, फेरफार काढतो, मागची नोंद कुणाची ते विचारतो. वचनाला निदान तेवढा तरी मान द्यावा.

मी सगळ्यात आधी बघतो ते बोलतंय कोण. ऐकायला अगदी बाळबोध वाटतं पण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतात. ईयोब ८:७ तुम्ही नक्की पाहिलं असणार, नवीन दुकानाच्या उद्घाटनाला, लग्नपत्रिकेवर, गाडीच्या काचेवर. सुरुवात लहान असली तरी पुढं तू फार वाढशील, असा त्याचा भाव. हे बोललं कोण? देव नाही, ईयोब पण नाही. बोललाय बिल्दद शूही, ईयोबाला भेटायला आलेल्या मित्रांपैकी एक. कधी बोलला? ईयोबाची दहाच्या दहा लेकरं एका दिवसात गेली, अंगभर गळवं आली, राखेत बसलाय, तेव्हा. आणि तीनच वचनं आधी, ८:४ मध्ये, हाच बिल्दद त्या बापाला म्हणतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवानं त्यांना त्याचं फळ दिलं. म्हणजे हिशेब असा की तू शुद्ध असशील तर देव तुला वाढवेल, वाढ दिसत नाही म्हणजे तुझ्यात खोट आहे. पुस्तकाच्या शेवटी ४२:७ ला देव ह्या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, माझा क्रोध तुमच्यावर भडकलाय.

आता लगेच फ्रेम काढून टाका असं मी म्हणत नाहीये. ईयोबाची नंतरची स्थिती पहिल्यापेक्षा चांगली झाली हे ४२:१२ मध्ये आहेच, आणि ह्याच मित्रांपैकी अलीफजाचं एक वाक्य (५:१३) पौल १ करिंथ ३:१९ मध्ये शास्त्र म्हणून घेतो, म्हणजे मित्रांचं प्रत्येक वाक्य टाकाऊ आहे असा सरसकट नियम काढता येत नाही. पण आजारी माणसाला, दिवाळं निघालेल्या माणसाला, मूल गेलेल्या आईला ते वचन सांगताना आपण बिल्ददच्या खुर्चीत बसून त्याचाच हिशेब मांडतोय का, हे तपासायलाच पाहिजे. तुमच्या घरसभेत काकांनी जे म्हटलं ना, विश्वास कमी पडला, ते नेमकं बिल्ददचं गणित आहे. काकांचं मन वाईट आहे असं नाही, बिल्दद पण आधी सात दिवस ईयोबाजवळ गप्प बसून रडला होता.

वचन पाठ असलं म्हणजे झालं असंही नाही. परीक्षेच्या वेळी मंदिराच्या शिखरावर सैतानानं प्रभू येशूसमोर स्तोत्र ९१ चं वचन म्हणून दाखवलं, शब्द स्तोत्रातलेच होते. प्रभूनं त्याला उत्तर दिलं ते अनुवाद ६:१६ नं, म्हणजे एका वचनाच्या शेजारी दुसरं वचन ठेवून.

त्यानंतर मागं-पुढं. इथं एक गोष्ट माहीत असलेली बरी की अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. आज चालतात ते अध्याय १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन ह्यांनी पाडले असं मानतात आणि नव्या कराराला वचनांचे आकडे रॉबर्ट एस्तिएन ह्या छापखानेवाल्यानं १५५१ मध्ये घातले. सोयीसाठी घातले, सोय झालीही, पण कधी कधी आकडा अशा ठिकाणी पडतो की एकच बोलणं मधोमध कापलं जातं. यशया ५३ खरं तर ५२:१३ पासून सुरू होतो. १ करिंथ १३, प्रीतीचा अध्याय, आपण लग्नात वाचतो आणि वाचावाच, पण तो लिहिलाय एका भांडणाऱ्या मंडळीला (चर्चला), कुणाचं कृपादान (देवानं दिलेली आत्मिक देणगी) मोठं ह्यावरून १२ आणि १४ मध्ये जो वाद चाललाय त्याच्या बरोबर मध्ये.

ह्याचं मला सगळ्यात भिडलेलं उदाहरण २०१९ च्या ऑगस्टमधलं. सांगलीकरांना सांगायला नको, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं होतं, निम्मं शहर पाण्यात. त्या दिवसांत यशया ४३:२ व्हॉट्सॲपवर सगळीकडं फिरत होतं, तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्या तुला बुडवणार नाहीत. पाणी उतरल्यावर आम्ही काही जण गावभागात एका घरी चिखल काढायला गेलो. घरातल्या बाई शिक्षिका, रिटायर झालेल्या. पलंग, गाद्या, धान्याचे डबे, लग्नातले फोटो सगळं अंगणात, भिंतीवर छातीच्याही वर पाण्याची रेघ. त्यांनी मोबाईलवर ते वचन दाखवलं आणि शांतपणे विचारलं, सर, हे आमच्यासाठी नव्हतं का मग? घाईत उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता तो. फावडं बाजूला ठेवलं आणि तिथंच पायरीवर बसून मागचा अध्याय, ४२, त्याचं शेवटचं २५वं वचन वाचलं. त्यात काय आहे? ह्या लोकांवर युद्धाचा भडका आला, चोहीकडून आगीनं घेरलं, ते भाजून निघाले. आणि लगेच, आकडा बदलला म्हणून आपल्याला वेगळं वाटतं एवढंच, "पण आता" म्हणून ४३ सुरू होतो. भिऊ नको, मी तुला सोडवलंय, मी तुला नावानं हाक मारलीय, तू माझा आहेस. म्हणजे आग तुला जाळणार नाही हे ज्यांना सांगितलं त्यांचं शहर आधीच जळून गेलं होतं! त्यांची घरं वाचलेली नव्हती. आणि वचन "पाणी येणार नाही" असं म्हणतच नाही, "पाण्यातून जाशील तेव्हा" म्हणतं. तुम्ही नाहीसे होणार नाही, मी तुम्हाला सोडणार नाही, हे आश्वासन घर गमावलेल्यांना दिलेलं आहे. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, म्हणजे आमच्यासारख्यांनाच होतं हे. मी त्याला जोडून काही बोललो नाही, बोलायची गरज पण नव्हती. आम्ही परत चिखल काढायला लागलो.

फॉरवर्ड करणाऱ्यांनी ते वचन संरक्षक कवच म्हणून पाठवलं होतं, त्या बाईंना ते ज्या जागी दिलं होतं त्या जागी मिळालं. संदर्भामुळं वचन आपल्या हातातून काढून घेतलं जातं अशी भीती बऱ्याच लोकांना असते, माझा अनुभव सरळ उलटा आहे.

फिलिप्पै ४:१३ चं पण असंच. मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे. स्पर्धेच्या टी-शर्टवर, जिमच्या भिंतीवर. पौल हे बंदिवासातून लिहितोय आणि आधीची दोन वचनं तृप्त असणं आणि भुकेलेलं असणं, भरपूर असणं आणि काहीच नसणं, ह्या दोन्हींत समाधानी राहायला मी शिकलोय असं सांगतात. त्या "सर्वकाही"मध्ये पूर्व परीक्षा निघणंही येतं आणि न निघणंही येतं.

लिखाणाचा प्रकार पण बघावा लागतो. नीतिसूत्रं ही शहाणपणाची वाक्यं आहेत, सर्वसाधारणपणे जग कसं चालतं ते सांगणारी. २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको आणि लगेच २६:५ म्हणतं दे. दोन्ही खरी, वेळ ओळखून वापरायची. म्हणून २२:६, मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे म्हणजे म्हातारपणी पण तो सोडणार नाही, हे वाक्य घेऊन ज्याचा मुलगा बिघडला त्या आईबापाला दोषी धरणं हा फार मोठा अन्याय आहे. आमच्या भागात अशी कितीतरी आईवडील मंडळी उपासनेला मागच्या बाकावर येऊन बसतात आणि प्रभुभोजनाच्या आधी उठून जातात.

आणि शेवटचं पण सगळ्यात तातडीचं, एका वचनावर उभं राहण्याआधी बाकीचं शास्त्र त्याच विषयावर काय म्हणतं ते बघा. आजारपणाचं घ्या. "त्याच्या घायांनी आपण बरे झालो", यशया ५३:५. हे घेऊन शुगरच्या, बीपीच्या गोळ्या बंद करा असं सांगणारे लोक फिरतात. १ पेत्र २:२४ मध्ये हे वचन येतं तिथं विषय आजाराचा नाही, पापाचा आहे, आणि आजूबाजूला अन्यायानं मार खाणाऱ्या दासांशी पेत्र बोलतोय. बरं, प्रामाणिकपणे सांगायचं तर मत्तय ८:१७ मध्ये यशया ५३:४ हे प्रभूनं रोग्यांना बरं केलं त्याला लावलंय, त्यामुळं शरीराचा ह्याच्याशी काही संबंधच नाही असंही म्हणता येत नाही. देव बरं करतो, याकोब ५:१४ प्रमाणं मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा, मी स्वतः जातो. पण तोच पौल ज्याच्या हातून लोक बरे झाले तो आपल्या सोबत्यांपैकी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून येतो, एपफ्रदीत मरायला टेकला होता हे लपवत नाही, आणि लूक वैद्याला प्रिय म्हणतो. आजारी हिज्कीया राजाला देवानं १५ वर्षं वाढवून दिली आणि त्याच वेळी यशया म्हणाला अंजिराचं पोटीस गळवावर बांधा. मिरजेत राहणाऱ्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको, इथं १८९४ साली डॉ. वॉन्लेस ह्यांनी दवाखाना उभा केला तो मिशनरी म्हणून आले म्हणूनच. तुमच्या सभेत कुणी गोळ्या बंद केल्याचं कळलं तर पुढच्या शास्त्राभ्यासाची वाट बघू नका, त्याच दिवशी घरी जा आणि डॉक्टरकडं घेऊन जा.

काकांशी काय बोलायचं हे पण तुम्ही विचारलंय. वाद घालू नका, चारचौघांत तर नकोच. घरी जा, चहा घ्या आणि म्हणा, काका, २८ आणि २९ दोन्ही अध्याय आपण दोघं मिळून मोठ्यानं वाचूया का, तुम्ही हनन्याचं वाचा, मी पत्र वाचतो. बहुतेक वेळा पुढचं काम अध्याय स्वतःच करतो. नाहीच पटलं तर नाही, पण तुमच्या पुढच्या प्रयत्नाच्या मानेवर ते वाक्य बसू देऊ नका.

वाचायला सुरुवात कुठून करायची म्हणाल तर फिलिप्पैपासून करा. चार अध्याय, १०४ वचनं, एका बैठकीत पाव तासात होतं. पत्र आहे तर पत्रासारखं वाचा, आकड्यांकडं दुर्लक्ष करून, आणि वाचून झालं की मगच टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं) किंवा पानाच्या तळाच्या टिपा उघडा, आधी नाही. मग यिर्मया २६ ते २९ सलग. त्यानंतर ईयोब, पण त्याला घाई नको, ४२ अध्याय आहेत, दोघं-तिघं मिळून आठवड्याला थोडं थोडं वाचा, आणि प्रत्येक भाषण सुरू करताना कोण बोलतोय त्याचं नाव मोठ्यानं घ्या, मधेच थांबलात तर परत सुरू करताना पण पहिल्यांदा नाव घ्या.